शेवंती पलंगाखालून कधी बाहेर येईल?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही ठाण्यात वन बीएचकेमध्ये राहतो. मी, नवरा, सासूबाई आणि सात वर्षांचा मुलगा. नऊ दिवसांपूर्वी एका प्राणिमित्र मुलीकडून आम्ही दोन वर्षांची मांजर दत्तक घेतली. आधी ती एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहायची. नसबंदी आणि लसी झाल्या आहेत. मुलाने तिचं नाव शेवंती ठेवलं. आल्या क्षणापासून ती बेडरूममधल्या पलंगाखाली भिंतीला चिकटून बसली आहे. रात्री सगळे झोपलो की येऊन खाते, मातीच्या ट्रेमध्ये जाते आणि परत आत. पाचव्या दिवशी ‘सवय होईल’ म्हणून नवऱ्याने तिला ओढून काढून मांडीवर घेतलं. तिने हात ओरबाडला आणि तेव्हापासून आमची चाहूल लागली तरी फिसकारते. मुलगा रडतो, म्हणतो मी तिला आवडत नाही. सासूबाई म्हणतात, मोकळ्या जिवाला कोंडू नये, सोडून या. पंधरा दिवसांवर गणपती आलेत, घरात वीस माणसं असतील. आमचं चुकलं का?

उत्तर : रात्री खाते आणि ट्रेमध्ये जाते, हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. घाबरलेली मांजर खातेय, शी-शू करतेय, म्हणजे तिने तुमच्या घरात जगायचं ठरवलंय. पुढचं सगळं वेळेवर अवलंबून आहे.

आधी तुमच्या यजमानांचा हात. ओरखड्यातून रक्त आलं नसलं आणि चार दिवस उलटले असले तरी आजच डॉक्टरांना दाखवा. मांजरीला रेबीजची लस दिली असली तरीही दाखवा. इंजेक्शन लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. पुन्हा कधी ओरखडा किंवा दात लागला, तर लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना काही लावायचं नाही.

आता शेवंती. पार्किंगमध्ये दोन वर्षं काढलेल्या मांजरीला तिथली इंच न् इंच जागा पाठ असते. कुठल्या गाडीचं बॉनेट गरम, कुठल्या भिंतीवरून कुत्र्यापासून सुटता येतं, वॉचमनचा डबा कधी उघडतो. मांजर उंदराची शिकारी असली तरी कुत्र्यासमोर ती स्वतःच शिकार असते, म्हणून अनोळखी ठिकाणी पहिल्यांदा लपायचं हेच तिचं शहाणपण. पार्किंगमध्ये गाल घासून घासून तिने सगळीकडे आपला वास लावून ठेवला होता. तुमच्या घरात तिच्या वासाची एकही वस्तू नाही. पलंगाखाली बसून ती तुमचं घर कानांनी आणि नाकाने पाठ करतेय. कुकरची शिट्टी, लिफ्टचा आवाज, मुलाची पावलं, सगळं. तो अभ्यास अर्धा झालेला असताना तिला ओढून काढलं, की पाटी पुसली जाते.

हे मी अनुभवाने सांगते. माझ्या पुण्याच्या घरी आजवर पन्नासेक मांजरं तात्पुरती राहून गेली. त्यातली काशी मंडईच्या मागच्या गल्लीतून आली आणि लोखंडी कपाटामागे जाऊन बसली. बाराव्या दिवशी माझा धीर सुटला. शेजारच्या मुलांना बोलावून कपाट सरकवलं. ती पडद्यावर चढली, तिथून खिडकीच्या गजांना धडकली, तिच्या नाकातून रक्त आलं. ते दृश्य मी विसरलेले नाही. पुढचे दोन आठवडे तिने मी खोलीत असताना एक घास खाल्ला नाही. एकेचाळिसाव्या रात्री मी जमिनीवर बसून मेथी निवडत होते. ती आली, हातभर अंतरावर बसली आणि देठांचा वास घेऊ लागली. मी मान वर केली नाही. सगळी जुडी संपेपर्यंत ती बसून होती.

म्हणून तुम्हाला सांगणं उलटंच आहे. तिला बाहेर काढायचं सोडा, लपायला याहून चांगली जागा द्या. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरांचा अभ्यास उट्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. दहा मांजरांना लपायला खोकं दिलं, नऊ जणींना दिलं नाही. खोकंवाल्या मांजरी पहिल्या काही दिवसांतच लवकर निवळल्या. लपता येतं हे कळल्यावर लपायची गरज कमी होते.

सामान येतं ते पुठ्ठ्याचं मोठं खोकं घ्या. दोन भोकं पाडा, एक शिरायला, दुसरं पळायला. एकच भोक असलं तर तिला तो सापळा वाटेल. आत तुमची जुनी, न धुतलेली सुती साडी अंथरा आणि खोकं पलंगाच्या कडेला, निम्मं आत निम्मं बाहेर ठेवा. ती स्वतःहून त्यात झोपू लागली, की मग रात्री ती खायला बाहेर आलेली असताना पलंगाखालची खोल जागा गाद्या-उशा सारून हळूहळू कमी करा. आधी नाही. खाण्याची वाटी आणि मातीचा ट्रे खोलीच्या दोन टोकांना हवेत, संडासाशेजारी जेवणं मांजरांना चालत नाही. तिचं अंथरूण धुऊ नका, त्यात तिचा वास साठू द्या. त्याच अंथरुणाचा एक तुकडा घेऊन पलंगाच्या पायाला, दाराच्या चौकटीला तिच्या गालाच्या उंचीवर पुसा.

आणि त्या खोलीत फिनाईलने फरशी पुसणं आजपासून बंद. फिनाईलमधली रसायनं मांजरांचं यकृत नीट पचवू शकत नाही. फरशीवरून चाललेली मांजर पंजे चाटते आणि ते पोटात जातं. साध्या साबणाच्या पाण्याने भागतं. धूप आणि कापूर देवघरापुरता ठेवा.

मुलाला माझा निरोप द्या, शेवंतीला तो नावडत नाही, तिला तो अजून माहीतच नाही. त्याला काम द्या. रोज ठरलेल्या वेळी, जेवणाआधी, बेडरूमच्या दाराजवळ जमिनीवर बसून शाळेचं पुस्तक हळू आवाजात वाचायचं, पंधरा मिनिटं. पलंगाखाली वाकून बघायचं नाही. नजर भिडवणं म्हणजे मांजरांच्या भाषेत धमकी. तिचे डोळे दिसलेच तर आपले डोळे सावकाश अर्धे मिटायचे, मग पूर्ण मिटायचे, मग उघडायचे आणि मान वळवायची. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये हे तपासून पाहिलं. माणसाने असे डोळे मिटले की मांजरीही जास्त वेळा तसेच मिटतात, आणि नंतर अनोळखी हाताकडेही अधिक येतात. वाचून झालं की उकडलेल्या चिकनचे दोन धागे, मीठ-कांदा-लसूण न घातलेले, ठेवून उठायचं. कांदा-लसूण मांजरांना विषारी आहे. आज पलंगाच्या कडेला, चार दिवसांनी एक वीत अलीकडे, मग आणखी एक वीत. ती एखाद्या दिवशी आली नाही तर वीतभर मागे जायचं, रागवायचं नाही.

दत्तक जनावर नव्या घरी रुळण्याचा प्राणिमित्र मंडळी ‘तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने’ असा हिशेब सांगतात. मला तो फारसा आवडत नाही, कारण लोक कॅलेंडर बघत बसतात आणि बाविसाव्या दिवशी निराश होतात. मांजर माणसाला किती लवकर सरावते हे, ती पिल्लू असताना, साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात, माणसाचा हात लागला की नाही यावर पुष्कळ अवलंबून असतं. त्या मुलीला फोन करून विचारा : पार्किंगमध्ये शेवंतीला कोण खायला घालायचं, काय म्हणून हाक मारायचं, कुठल्या भांड्यात द्यायचं? ‘माऊ’ म्हणून स्टीलच्या ताटलीत मिळत असेल तर तुम्हीही तशीच हाक मारा, तशीच ताटली घ्या.

सासूबाईंच्या बोलण्यामागे दया आहे, हे मी मानते. पण त्यांना इतकं सांगा, की नव्या जागी सोडलेली मांजर मोकळी होत नाही. तिथल्या मांजरी तिला हाकलतात, आणि पाणी कुठे, आडोसा कुठे हे तिला ठाऊक नसतं. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. कायद्यापेक्षा मला त्यांचा दुपारचा वेळ महत्त्वाचा वाटतो. जप करत असतील, पोथी वाचत असतील, तर त्याच खोलीत वाचू द्या. एका जागी बसणारं, घाईने न उठणारं, खालच्या आवाजात बोलणारं माणूस भित्र्या मांजरीला सगळ्यांत आधी पसंत पडतं. शेवंतीची पहिली दोस्ती आजींशीच होईल असं माझं मन सांगतं.

गणपतीत तिला दुसरीकडे पाठवू नका, आणखी एक जागा बदलणं तिला झेपणार नाही. ते दिवस बेडरूम बंद. दारावर मोठ्या अक्षरांत कागद लावा. पाहुण्यांच्या बॅगा आणि साड्या बदलणं शेजाऱ्यांकडे होईल का बघा, असे शेजारी ठाण्यात अजून आहेत. ढोल-ताशे वाजतील तेव्हा खिडक्या लावून पंखा मोठा करा. खिडक्यांना आजच जाळी बसवून घ्या, घाबरलेली मांजर कितव्या मजल्यावरून उडी मारतेय ते बघत नाही. कुणी लिलीचा गुच्छ आणला तर तो घरात ठेवूच नका. खऱ्या लिलीचे परागकण अंगाला लागून चाटले गेले, तरी मांजरीची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

तुमचं चुकलं का, असं विचारलंत. पाचव्या दिवशी चुकलं, माझं बाराव्या दिवशी चुकलं होतं. यजमानांनी आता आठवडाभर फक्त ताटली भरायची आणि निघून जायचं.

प्रश्न : मी कोल्हापुरात शिकतो. तीन दिवसांपूर्वी मोठा बोका घरी आणला. तो लपून बसलाय, दोन दिवस काहीच खाल्लं नाही. एकटा सोडला तर खाईल ना?

उत्तर : या मुलाला मी पत्र न लिहिता फोन केला, कारण इथे थांबणं चूक होतं. मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना विचारायचं, दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि जीव जाऊ शकतो, जाड्या बोक्यांच्या बाबतीत तर फारच लवकर. बोका ट्रेमध्ये कुंथत बसला आणि लघवी आली नाही, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. आपल्या औषधांच्या डब्यातली पॅरासिटामॉल कधीही द्यायची नाही, एक गोळीही मांजराला मारू शकते.

बोक्याच्या जिभेवर सर्दीचे फोड होते आणि नाक बंद होतं. वासच येत नाही तर मांजर खात नाही. औषध सुरू झालं, चिकनचं पाणी कोमट करून समोर ठेवलं. परवा रात्री दोन वाजता त्याने चाटायला सुरुवात केली, आणि मुलाने मला त्याच वेळी फोन केला.