कन्सोलच्या भांडणात उडी घेण्याआधी

टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांत, म्हणजे कन्सोलमध्ये, सोनी भारी की निन्टेंडो, या वादात सगळे हौसेने उतरतात. तू नवीन आहेस, तर आधी कोणी काय आणलं ते बघ. अ‍ॅनालॉग स्टिकचंच उदाहरण घे, म्हणजे कंट्रोलरवरची अंगठ्याने रेटायची छोटी दांडी. १९९६ च्या निन्टेंडो ६४ च्या कंट्रोलरवर मधोमध एकच स्टिक होती. अंगठ्याने हलकेच रेटली की मारिओ दबकत चालायचा, पूर्ण रेटली की धूम पळायचा. पुढच्याच वर्षी सोनीने दोन स्टिकचा कंट्रोलर काढला आणि आज मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्ससकट सगळ्यांचा साचा तोच आहे. मग नक्कल कोणाची? माझ्या मते हा प्रश्नच फोल आहे. कल्पना एकाची, ती हातात नीट बसवली दुसऱ्याने.

सोनीच्या प्लेस्टेशन या कन्सोलचा जन्म तर मोडलेल्या सोयरिकीतून झाला. सोनी सुपर निन्टेंडोसाठी सीडी ड्राइव्ह बनवत होती. १९९१ मध्ये निन्टेंडोने ऐनवेळी फिलिप्सचा हात धरला. सोनीने १९९४ मध्ये स्वतःचं यंत्र बाजारात आणलं. (सूड असावा तर असा!)

पण नवं केलं की खपतंच असं नाही. निन्टेंडोचं वी हे कन्सोल १० कोटींच्या वर गेलं, त्यानंतरचं वी यू दीड कोटीपर्यंतही पोचलं नाही. सेगा या कंपनीने तर २००१ मध्ये कन्सोल बनवणंच सोडलं.

कन्सोल घेताना टेराफ्लॉपचे, म्हणजे यंत्राच्या गणनावेगाचे, आकडे सोड. मित्र कशावर खेळतात ते विचार, आणि शक्यतो डिस्क ड्राइव्हवालं घे. खेळून झालेली डिस्क निदान विकता तरी येते.