‘हा तर सारांश झाला’ असा शेरा का मिळतो?

प्रश्न : मी नागपुरात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे, पुढे पत्रकारितेत जायचं आहे. नव्या स्थानकासाठी इथल्या अजनी वनातली झाडं तोडावीत का, या वादावरच्या दोन लेखांचं हजार शब्दांत विश्लेषण करायचं होतं. दोन्ही लेख नीट समजून लिहिलं, तरी सरांनी ‘हा सारांश झाला’ म्हणून गुण कापले. असा निबंध रचायचा कसा?

उत्तर : लेखात काय म्हटलंय ते तू लिहिलंस. विचारलं होतं ते हे, की लेखक वाचकाला आपल्या बाजूला कसा वळवतो.

आधी प्रत्येक लेखाची भूमिका एका वाक्यात लिही. ‘झाडं वाचवा’ हा विषय झाला. ‘स्थानक होऊ द्या, पण झाडं राखून आराखडा बदला’ ही भूमिका. मग पेन्सिल घेऊन पुन्हा वाच आणि सूर बदलतो तिथे समासात खूण कर. बहुतेक लेखांत अशी तीन-चार वळणं सापडतात : सुरुवातीचं दृश्य, आकडे, विरोधकांचा समाचार, शेवटचं आवाहन. तुझे परिच्छेद या वळणांवर बेतायचे. आकडेवारीचा एक, भावनिक आवाहनाचा एक अशी वाटणी केलीस की लेखाचा क्रम मोडतो, आणि पटवण्याची निम्मी ताकद क्रमातच असते.

समजा लेखात वाक्य आहे : ‘मे महिन्यात भर दुपारी तिथे उभं राहून बघा, मग सावलीची किंमत सांगा.’ यावर ‘लेखकाने भावनिक आवाहन केल्याने वाचक प्रभावित होतो’ असं लिहिलंस, तर ते कुठल्याही लेखाला चालेल, म्हणून त्याला गुण नाहीत. त्याऐवजी असं लिही : ‘“उभं राहून बघा” या आज्ञार्थाने लेखक वाचकाला थेट उन्हात नेतो. नागपूरचा उन्हाळा सोसलेल्या माणसाला सावलीचं मोल वेगळं पटवावं लागत नाही. त्यामुळे पुढे येणारा प्रकल्पाच्या फायद्यांचा हिशेब त्याला आधीच तोकडा वाटतो.’ यात लेखकाचे शब्द आहेत, त्यांनी साधलेलं काम आहे, नेमका वाचक आहे आणि पुढच्या मुद्द्याशी जोडही आहे. अवतरण चार-सहा शब्दांचं पुरे. अख्खा परिच्छेद उतरवला की विश्लेषणाला जागाच उरत नाही.

हजार शब्दांत प्रस्तावनेला १००, प्रत्येक लेखाला ३५० म्हणजे साधारण दोन परिच्छेद, तुलनेला १२० आणि समारोपाला ८० ठेव. दुसऱ्या लेखाची हमखास उपासमार होते, म्हणून पहिल्याचे शब्द मोजून थांब. तुलनेत ‘दोघांची मतं वेगळी आहेत’ एवढ्यावर भागवू नकोस. दोघेही ‘पुढची पिढी’ पुढे करत असतील, तर एकाला तिच्यासाठी रोजगार दिसतो आणि दुसऱ्याला प्राणवायू, ते दाखव. लेखासोबत छायाचित्र असेल, तर ते ज्या मुद्द्याला बळ देतं, त्याच परिच्छेदात घे. शेवटी चिकटवू नकोस.

झाडं तोडावीत की नाही, हे तुझं मत मात्र समारोपातही नको. तुझी कळकळ मी समजू शकते, पण ती वेगळ्या लेखात मांड.

पत्रकारितेत ही सवय रोज लागते : उपसंपादकाला प्रसिद्धिपत्रकातली बातमी कुठे संपते आणि भलामण कुठे सुरू होते, ते झटकन ओळखावं लागतं. आता तोच निबंध काढ आणि ‘लेखक म्हणतात’, ‘लेखक सांगतात’ अशी वाक्यं अधोरेखित कर. प्रत्येकापुढे ‘इथेच का आणि कोणासाठी?’ याचं उत्तर लिही, आणि नवा खर्डा सरांना दाखव.