वर्षाचे पैसे घेतले, मराठी चॅनेल गायब केली

बेळगाव जिल्ह्यातल्या नंदगडचे एक निवृत्त शिक्षक लिहितात: केबल तोडली आणि फायबर इंटरनेटसोबत लाइव्ह टीव्हीचे वर्षाचे पॅकेज घेतले. एकूण ६,६०० रुपये भरले. पावतीत त्यातले २,४०० टीव्हीचे म्हणून वेगळे दाखवलेत. स्मार्ट टीव्हीवर लॉगिन करून बघतो. एजंटाने व्हॉट्सॲपवर मराठी चॅनेलची यादी पाठवली होती. चार महिन्यांनी त्यातली बरीच दिसेनाशी झाली. कंपनी म्हणते, यादी बदलायचा हक्क आमचा, भांडायचे तर मुंबईच्या कोर्टात या. शिवाय न मागितलेल्या खेळाच्या पॅकचे ९९ रुपये दरमहा यूपीआयमधून जातात. पैसे परत मिळतील का? आणि तक्रार कन्नडमध्येच करावी लागेल का?

गुरुजी, नमस्कार.

मुंबईला जायचे काही कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात त्याला तक्रार करता येते. तुमचा आयोग बेळगावचा. करारात लवादाची अट असली, तरी आयोगाचा रस्ता बंद होत नाही. एम्मार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तेच सांगितले. कंपन्या अशा अटी तरीही छापतात, कारण त्या वाचून बरीच माणसे गप्प बसतात.

आता मुद्द्याचे. चॅनेल कंपनीच्या सेटटॉप बॉक्समधून येत असती, म्हणजे खरा आयपीटीव्ही असता, तर ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नियम लागले असते: प्रत्येक सशुल्क चॅनेलची किंमत जाहीर, हवे ते चॅनेल सुटे घ्यायची मुभा. तुम्ही लॉगिन करून बघता, म्हणजे हे ॲपचे पॅकेज. त्याला ट्रायची दरपद्धत लागत नाही. एजंट मंडळी दोन्ही प्रकार एकाच नावाने विकतात, त्यामुळे गिऱ्हाईक ट्रायकडे अर्ज करते आणि वाट बघत बसते. तुम्ही तो फेरा घेऊ नका.

तुमची बाजू उभी आहे ती एजंटाच्या यादीवर. झी मराठी झी५ वर, स्टार प्रवाह जिओहॉटस्टारवर, अशी चॅनेल ज्याच्या त्याच्या ॲपवर असतात. इंटरनेटवाला त्या कंपन्यांशी करार करून आपल्या पॅकेजमध्ये ती देतो. करार संपला की चॅनेल गेले. त्यांचे आपसात काय बिनसले हा त्यांचा प्रश्न. तुम्हाला यादी दाखवून वर्षाचे पैसे आगाऊ घेतले आणि सेवा अर्धवट दिली, ही सेवेतील त्रुटी आहे. ‘बदलाचा हक्क राखीव’ या ओळीने कंपनीला थोडा बचाव मिळेल, नाही असे नाही. पण यादी दाखवून विकताना ती ओळ कुणी दाखवली नव्हती, हे ठासून मांडा. तो व्हॉट्सॲप संवाद पुसू नका, फोनही तूर्त बदलू नका. एजंट आणि कंपनी, दोघांनाही सामनेवाले, म्हणजे तक्रारीतले विरुद्ध पक्ष, करा.

एक सावधगिरी. तक्रारीत ‘करारच अन्यायकारक आहे, रद्द करा’ असे लिहू नका. ती दाद जिल्हा आयोग देऊ शकत नाही, त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते, आणि मग जास्तीचे हेलपाटे. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, एवढ्यावरच राहा. मागणीही बेताची ठेवा: टीव्हीचे उरलेल्या आठ महिन्यांचे १,६०० रुपये, कापलेले ९९ चे हप्ते, त्रासाबद्दल आणि खर्चाबद्दल माफक रक्कम. लाखाची भरपाई मागितली की तक्रारीचे वजन उतरते. इंटरनेट नीट चालत असेल तर ते सोडू नका.

९९ रुपयांचे काम आजच करा. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन ती परवानगी रद्द करा. कंपनीची संमती लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी कपात होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यायला हवी. आली होती का, मेसेज तपासा. न मागितलेली गोष्ट गळ्यात मारणे आणि वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे, दोन्ही केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत निषिद्ध आहे.

लगेच आयोगात धावू नका. आधी कंपनीला ईमेल करून तक्रार क्रमांक घ्या, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे मराठीतून बोलता येते, कन्नडही चालते. एवढ्या रकमेचे प्रकरण पुष्कळदा तिथेच मिटते. नाही मिटले तर पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून तक्रार दाखल करा. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही (हे मी वकील असून सांगतो आहे). मुदत दोन वर्षांची आहे. बेळगावात तक्रार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये द्या, मराठी संवादाचा अनुवाद जोडा. भाषेचा वाद आपल्याकडे जुना आहे, पण सोळाशे रुपयांच्या तक्रारीत तो ओढून तारखा वाढवू नका.

पुढचे पॅकेज महिन्याचेच घ्या, वर्षाची सवलत कितीही गोड लागली तरी. घरात दोनच चॅनेल बघत असाल तर थेट त्या ॲपची वर्गणी भरा, मधला माणूस नको. सह्याद्री वाहिनी डीडी फ्री डिशवर मासिक भाड्याविना दिसते, प्रसार भारतीच्या वेव्हज ॲपचाही पर्याय आहे. ‘एका ॲपमध्ये सगळी चॅनेल’ म्हणून कुणी चोरीचे देऊ लागला तर घेऊ नका. ते बंद पडल्यावर पावती नाही आणि तक्रार करायला समोर कुणी नाही. जुना केबलचा बॉक्स घरात पडून असेल तर तो परत करून पोच घ्या, अनामत भरली असेल तर ती मागा.