माझ्या हातून काही झालं तर?

“मॅडम, नर्सचं काम माझ्याच्यानं कसं व्हायचं?” मिरजेतल्या दवाखान्यांतून पेशंट घरी गेले की हा प्रश्न सांगलीला माझ्याकडे समुपदेशनाला येतो. कुणाकडे लघवीची पिशवी, कुणाकडे गळ्यातल्या नळीचं सक्शन.

तासगावकडची एक सून आली (ओळख पटणारे तपशील बदललेत). सासूबाईंना अर्धांगवायू, गिळता येत नाही, नाकातून पोटात राइल्स ट्यूब, म्हणजे पातळ अन्न (फीड) द्यायची नळी. डिस्चार्जच्या गडबडीत सिस्टरनी एकदा दाखवलेलं. घरी पहिल्याच फीडला जोरात ठसका लागला. तेव्हापासून सिरिंज धरली की हात लटलटायचा. वर नणंद फोनवर म्हणाली, “मनातनं करायचंच नसंल.”

पहिल्या दोन भेटी रडण्यात गेल्या. जाऊ दिल्या. तिसऱ्यांदा सहज विचारलं, “द्राक्षाचे घड बुडवायला जाता ना? मणी वाढवायच्या त्या जीए औषधाचं प्रमाण चुकलं तर?”

“वर्षाची कमाई जाते.”

“तिथं हात थरथरत नाही?”

“पहिल्या वर्षी थरथरायचा. आत्याबाई शेजारी उभ्या असायच्या...”

आणि ती थांबली. मीही. खरं सांगते, शिकवणाऱ्या सासूबाईच असतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. पण प्रश्न नेमका बसला, याचं समाधान आजही आहे.

मी विवेकनिष्ठ विचार मानणारी, म्हणजे मनातल्या हट्टी अपेक्षा तपासून बघणारी. “चूक होताच कामा नये” यातला ‘च’ मी नेहमी शोधते. इथे तो होताच, पण त्याहून साधी गोष्ट राहिली होती: या वेळी शेजारी कुणी उभंच नव्हतं.

ती नवऱ्याला घेऊन वॉर्डात परत गेली. सिस्टरसमोर दोघांनी आपल्या हातांनी फीड दिलं. ठसक्याचं कारणही कळलं: आडवं झोपवून सिरिंजचा दट्ट्या दाबला होता. आता भिंतीवर कागद आहे. डोकं निदान ३० अंश वर, फीडनंतरही अर्धा-पाऊण तास तसंच. नाकपुडीपाशी नळीची खूण हललेली नको. फीड आपसूक उतरू द्यायचं, आधी आणि नंतर पाणी. खोकला, धाप लागली तर थांबून डॉक्टरांना फोन. नळी निघाली तर घरी घालायची नाही.

म्हणून डिस्चार्जआधीच हट्ट धरा: “सिस्टर, मी करते, तुम्ही बघा.” नुसतं बघून हाताला काही येत नाही. आणि घरातल्या दोघांनी तरी शिका. एकटा माणूस महिन्याभरात पिचतो.

परवा विचारलं, “थरथर?”

“पहिल्या सिरिंजला. नंतर नाही.” मग हसून, “नणंदबाई दिवाळीला येणार आहेत. त्यांनाबी शिकवते.”