स्टेम सेलमध्ये पीएचडी घेतली तर पहिल्या वर्षी नेमकं काय शिकवतात?

खरं सांगू? पेशी जिवंत ठेवायला.

कोर्सवर्क असतंच, ते सहा महिन्यांत उरकतं. खरी शिकवणी कल्चर रूममध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या खोलीत. मानवी आयपीएस पेशींना (साध्या पेशी मागे वळवून बनवलेल्या स्टेम सेल) बहुतेक दिवशी ताजं माध्यम, म्हणजे पोषक द्रव, द्यावं लागतं, रविवार असो की गणपती. चार-सहा दिवसांनी पेशींच्या वसाहती दाटल्या की त्या तोडून नव्या डिशमध्ये लावायच्या. सपाट, घट्ट, स्वच्छ कडेची वसाहत चांगली. कडा विस्कटली की पेशी भरकटायला, म्हणजे दुसऱ्याच प्रकारच्या बनायला लागल्या, तेवढा भाग खरवडून टाकायचा. ही नजर पुस्तकातून येत नाही, सिनिअरच्या शेजारी बसूनच येते. मायकोप्लाझ्माची (पेशींना लागण करणारा अगदी बारीक जिवाणू) चाचणी नेमाने करा. तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, माध्यम गढूळही करत नाही. माझे तीन महिने त्यानेच खाल्ले. अधूनमधून गुणसूत्रंही तपासावी लागतात, कारण जास्त काळ वाढवलेल्या पेशींत बदल साचतात.

दुसरा भाग नियमांचा. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सुरुवातीलाच वाचा. मानवी भ्रूण १४ दिवसांपुढे वाढवायला बंदी का, हे मुलाखतीत विचारू शकतात.

जागा म्हणाल तर पुण्यात विद्यापीठाच्या आवारातलं एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र), बंगळूरची स्टेम सेल संशोधन संस्था इनस्टेम. त्यासाठी नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ (संशोधन फेलोशिप) हाताशी असली तर बरं. २०२३ पासून ही फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे.

आणि गाइड निवडण्याआधी त्यांच्या विद्यार्थ्यांना एकट्यात गाठून चहा पाजा.