आधी पाणी मुरू दे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, खाणीचे फोटोही बघितले. बॉक्साईट, म्हणजे अल्युमिनियमचं खनिज, काढून सोडून दिलेली अशी जागा मला अनोळखी नाही. चंदगडच्या हद्दीला लागून असलेल्या असल्याच खड्ड्यांच्या काठावर माझी सगळी नोकरी झाली. तू विचारलंयस, ‘काका, ही जागा पुन्हा हिरवी करायला मिरगाला कुठली झाडं लावू?’ झाडांचं सांगतोच, पण उद्या सकाळी आधी एक कर. खड्ड्याच्या तळात हातभर खोल खोदून घे, त्यात घागरभर पाणी ओत आणि बाजूला बसून राहा. ते मुरायला किती वेळ लागतो, ते लिहून ठेव.

माझ्या पहिल्या वर्षी मी हे केलं नव्हतं. वरचा जांभ्याचा कातळ आणि खालचं बॉक्साईट काढलं की तळाला चिकट माती उरते. तिच्यावरून डंपर धावून धावून ती विटेसारखी घट्ट झालेली असते. आम्ही त्यात कुदळीनं खड्डे घेतले, शेणखत घातलं, रोपं लावली. आषाढात प्रत्येक खड्ड्याची बादली झाली. पाण्याला जायला वाटच नव्हती. निम्मी रोपं मुळं कुजून मेली. जी तगली, त्यांची मुळं त्या खड्ड्याबाहेर गेलीच नाहीत, आणि शिमग्यापर्यंत तीही वाळली. नोंदवहीत मात्र ‘लागवड पूर्ण’ अशी ओळ होती, खाली सही माझी. ती ओळ मला अजून बोचते.

म्हणून जमीन आधी फोड. डोझरच्या मागे रिपर, म्हणजे जमीन फोडणारा लोखंडी दात, लावून उताराला आडवे तास (सऱ्या) काढ, निदान दोन फूट खोल. हे काम एप्रिल-मेमध्येच उरकायचं. कोरडी जमीन तडकते, ढेकळं सुटतात. वळीव दोनदा पडून गेल्यावर तेच यंत्र घातलंस तर माती नुसती लिंपली जाते आणि पहिल्याहून घट्ट होते. ठेकेदार म्हणेल, पाऊस पडू दे, जमीन मऊ होईल. ऐकू नकोस. मातीच्या ढिगांचे कडे मोडून उतार सौम्य कर, समतल चर मार, चरांच्या कडेनं वाळा लाव. मलप्रभा आणि म्हादई या दोन्ही नद्या आपल्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातच उगम पावतात. उघड्या ढिगावरून वाहून गेलेली लाल माती पहिल्यांदा खालच्या भाताच्या खाचरात बसते आणि पुढे ओढ्यात उतरते, हे त्या शेतकऱ्याला तुझ्याआधी कळलेलं असतं.

आता वरची माती. खाण अजून एका बाजूनं चालू आहे, असं तू लिहिलंस. मग तुझं नशीब चांगलं. नव्या बाजूची वरची वीतभर माती वेगळी काढून घे आणि शक्य असेल तर त्याच आठवड्यात जुन्या खड्ड्यात पसर. बी, मुळांचे तुकडे, मुळांशी जोडून राहणारी बुरशी, सगळं त्या थरात असतं. जांभ्याच्या मातीतलं लोह आणि अल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) धरून ठेवतं, झाडाला मिळू देत नाही. ती बुरशी ते मिळवून देते. मातीचे उंच ढीग रचून दोन-तीन पावसाळे ठेवले की हे सगळं मरतं आणि हाती नुसती लाल भुकटी उरते. ठेवावीच लागली तर कमरेएवढा ढीग कर आणि वर ताग पेर.

एक गोष्ट मात्र तुला निक्षून सांगतो. माती कमी पडली म्हणून शेजारच्या न खणलेल्या सड्यावरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावरून, खरवडून आणू नकोस, कुणाला आणू देऊ नकोस. उन्हाळ्यात तो सडा बघून साहेब म्हणतील, ही तर पडीक जमीन. श्रावण-भाद्रपदात त्यांना तिथं घेऊन जा. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू, बोटभर उंचीची फुलं त्या कातळावरच्या चिमूटभर मातीवर उभी असतात. तो कातळ तयार व्हायला लाखो वर्षं लागली. खणलेल्या जागी तो परत आणणं तुझ्या-माझ्या हातात नाही. म्हणून शिल्लक आहे तो राखायचा. त्याच्यावर झाडंही लावायची नाहीत. तिथं झाडांचं रान कधी नव्हतंच.

पहिल्या वर्षी झाडांची घाई नको. गवत येऊ दे. सुप्रीम कोर्टानं ८ जानेवारी २०२० रोजी सांगितलं, की खाणपट्टा देताना खाणकाम झालेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून देण्याची अट घालावी, म्हणजे ती चाऱ्याला, वनस्पतींना आणि प्राण्यांना उपयोगी पडेल. कुणी ‘गवत कशाला?’ म्हटलं तर हे दाखव. कुसळी, मारवेल यांचं बी दिवाळीनंतर आसपासच्या माळावरून गोळा करून ठेवायचं. आपल्याकडे धूळवाफेवर भात पेरतात ना, तसंच हे बी कोरड्या तासांत पेरून टाक, पाऊस त्याला बरोबर उठवतो. सोबत ताग आणि शेवरी.

मग झुडपं: धायटी, करवंद. धायटी नुसत्या मुरमावरही येते. त्यांच्या आडोशाला पुढच्या वर्षी जांभूळ, ऐन, किंजळ, नाणा, पांगारा. अंजनी फार सावकाश वाढते, तरी लाव. अधूनमधून बांबू रोवून ठेव. त्यावर बुलबुल बसतात आणि त्यांच्या विष्ठेतून तू न आणलेलं बी येतं. ऑस्ट्रेलियन बाभळीचा आग्रह होणार, कारण ती तीन वर्षांत फोटोत हिरवी दिसते. तिच्याखाली कुजायला नाखूष पाचोळ्याचा थर साचतो आणि दुसरं फारसं काही उगवत नाही. मी ती हेक्टरच्या हेक्टर लावलेली पाहिली आहे आणि माझं मत पक्कं आहे: नको.

बेळगावच्या अल्युमिना कारखान्यात बॉक्साईटवर प्रक्रिया करून उरणाऱ्या लाल गाळाचंही तू विचारलंस. ते प्रकरण निराळं आहे. कॉस्टिक सोड्यामुळे तो गाळ जहाल अल्कधर्मी असतो, आपली जांभ्याची माती आम्लधर्मी. तिथं जिप्सम आणि भरपूर कंपोस्ट मिसळल्याशिवाय काही रुजत नाही. दोन्हींना एकच कृती लावू नकोस.

झाडांची नावं दोन्ही भाषांत पाठ कर. ऐन म्हणजे मत्ती, जांभूळ म्हणजे नेरळे, हिरडा म्हणजे अळले. रोपवाटिकेतली माणसं कन्नड बोलतील, गुरं घेऊन येणारे गवळी-धनगर मराठी. त्या गवळ्यांशी कुंपण घालण्याआधी बोल. कुठला तुकडा दोन वर्षं बंद राहील आणि गुरांना वाट कुठून राहील, ते त्यांच्यासोबत फिरून ठरव. माघ-फाल्गुनात वणवा पेटला तर पहिली हाळी तेच देतात.

रोपांची मोजणी तिसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी, मे महिन्यात, स्वतः चालत कर. वरून विचारतील ते लावलेल्या रोपांबद्दल. तुझ्या वहीत जगलेल्यांचा आकडा वेगळ्या रकान्यात लिही, आणि मेलेल्यांचा त्याच्या पुढे, कारणासकट.

घागरीच्या पाण्याचं काय झालं, ते कळव. तासाभरानंतरही पाणी तसंच उभं असेल तर रोपांची मागणी थांबव आणि आधी डोझरसाठी अर्ज कर. कुसळीचं दोन पोती बी माझ्याकडे सुकवून ठेवलंय, मेच्या आत येऊन घेऊन जा.

तुझा,
काका