जुन्या घरातला लाकडी बुद्धिबळ संच ४५,००० रुपयांना घ्यावा का?

आपल्या प्रश्नातला तपशील थोडक्यात असा आहे : मालवणजवळच्या एका जुन्या घराची वाटणी झाल्यावर तिथल्या चीजवस्तू विकायला निघाल्या आहेत आणि त्यांत पटासह एक लाकडी बुद्धिबळ संच आहे. राजाची उंची साधारण साडेतीन इंच आहे, काळे मोहरे आबनुसाचे (एबनी, म्हणजे मुळातच काळे आणि जड लाकूड) असल्याचे सांगितले जाते, पटाच्या कडेला ‘हस्तिदंती’ पट्टी आहे, आणि संच लंडनच्या जेक्स या कारखान्याचा, शंभर वर्षांपूर्वीचा असल्याने ४५,००० रुपये ही किंमत कमीच आहे असे विकणाऱ्यांचे म्हणणे आहे. मी रत्नागिरीत जुन्या लाकडी वस्तूंची दुरुस्ती करतो आणि असे संच अधूनमधून माझ्याकडे येतात, त्या अनुभवावरून उत्तर देतो.

विकणाऱ्यांच्या या सांगण्यात चार वेगवेगळे दावे एकत्र बांधलेले आहेत, लाकडाचा, कारखान्याचा, वयाचा आणि हस्तिदंताचा, आणि प्रत्येक दाव्याची किंमत वेगळी आहे. लाकूड आणि कारागिरी यांची खात्री आपण घरबसल्या करू शकता. कारखान्याची खात्री फक्त शिक्क्यावरून किंवा कागदावरून होते. वयाचा दावा एकटाच असेल तर त्याला फारसे मोल नाही, आणि हस्तिदंताचा दावा खरा निघाला तर व्यवहार तिथेच थांबवावा लागेल. तेव्हा डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते तेवढ्याचेच पैसे द्यावेत. घराण्याच्या आठवणींचे पैसे देऊ नयेत, मग त्या सांगणारी माणसे कितीही सज्जन असोत.

हस्तिदंताचे आधी पाहू, कारण तिथे घासाघीस करण्यासारखे काही उरतच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात बदल करून १९८६ साली भारतीय हत्तीच्या दाताचा देशांतर्गत व्यापार बंद करण्यात आला आणि १९९१ मध्ये आफ्रिकी हस्तिदंतालाही तोच नियम लागू झाला. वस्तू आजोबांच्या काळातली आहे म्हणून तिची खरेदी-विक्री कायदेशीर ठरत नाही. सुदैवाने कोकणातल्या जुन्या घरांत जिला हस्तिदंत म्हणतात ती पट्टी पुष्कळदा हाडाची असते किंवा सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकची. भिंगातून पाहिल्यावर हाडात बारीक काळसर ठिपके व लहान रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या खुणा असतात. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात मात्र एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. अरुंद पट्टीवर हा फरक नवख्याला ठरवता येईलच असे नाही, म्हणून शंका राहिली तर पट त्यांच्याकडेच ठेवू द्यावा आणि फक्त मोहऱ्यांचा भाव करावा. संचाची किंमत मोहऱ्यांत असते, पटात फार क्वचित. शिवाय आपल्या हवेत व्हिनियरचा, म्हणजे वर लाकडाचा पातळ थर चिकटवलेला, जुना पट बहुधा फुगलेला, कोपऱ्यांना सुटलेला किंवा पिळलेला असतो.

आता कारखान्याचे. आज स्पर्धांमध्ये दिसणारा मोहऱ्यांचा घाट १८४९ साली नॅथनिएल कुक यांच्या नावे लंडनमध्ये नोंदवला गेला, तो बनवण्याचे काम जॉन जेक्स यांच्या कारखान्याने केले, आणि त्या काळचे नामवंत खेळाडू हॉवर्ड स्टाँटन यांनी त्याचा पुरस्कार केल्यामुळे त्याला त्यांचेच नाव पडले. यावरून एकच गोष्ट निश्चित होते, ती म्हणजे या घाटाचा संच १८४९ पूर्वीचा असू शकत नाही. त्यानंतरचा मात्र तो कोणत्याही वर्षाचा असू शकतो, कारण अमृतसरमध्ये तोच घाट आजही मोठ्या प्रमाणावर बनतो आणि जगभर विकला जातो. त्यामुळे मोहरे ‘जेक्ससारखे दिसतात’ हे ऐकून हुरळून जाऊ नये. सारखे दिसणे हाच या धंद्याचा पाया आहे. खऱ्या जेक्स संचात पांढऱ्या राजाच्या बैठकीच्या कडेवर, आणि नंतरच्या काळात दोन्ही राजांच्या कडेवर, कारखान्याचे व लंडनचे नाव लहान इंग्रजी अक्षरांत दाबलेले असते. त्याखेरीज दोन्ही रंगांच्या एकेका घोड्याच्या डोक्यावर आणि एकेका हत्तीच्या माथ्यावर बारीक मुकुटाचा ठसा असतो. त्या काळच्या इंग्रजी चाली लिहिण्याच्या पद्धतीत राजाच्या बाजूचा घोडा आणि वजिराच्या बाजूचा घोडा यांना वेगळी नावे होती. डाव रंगात आला की कोणता घोडा कोणता हे कळत नसे, म्हणून राजाच्या बाजूच्या मोहऱ्यांवर मुकुट ठोकून ही सोय केलेली होती. विकणाऱ्याला या मुकुटाची कल्पनाच नसेल आणि तो आपल्याला भिंगाखाली सापडला, तर ती खूण त्यांच्या सगळ्या सांगण्यापेक्षा मोलाची आहे. उलट नावाचा ठसा ठळक, खोल आणि ताज्या कडांचा असेल आणि मुकुट कुठेच नसेल, तर संशय घ्यावा, कारण नकला करणाऱ्यांना नाव ठोकणे अवघड नाही.

लाकडाबाबत आपल्याकडे एक घोळ नेहमी होतो. कोकणात काळपट, जड लाकूड दिसले की त्याला शिसवी म्हणून मोकळे होतात आणि शिसवीपेक्षा अधिक काळे दिसले की आबनूस. बाजारातले बरेचसे ‘काळे’ मोहरे मात्र फिकट पिवळ्या लाकडाचे, काळा रंग दिलेले असतात. अलीकडेच एक संच दुरुस्तीला आला होता. त्यातल्या काळ्या वजिराच्या मुकुटाचा एक दात तुटलेला होता आणि तुटलेल्या जागी लाकूड थेट लोण्यासारखे फिकट होते. रंग जेमतेम नखभर आत गेला होता. मालकांनी तो अनेक वर्षे आबनूस म्हणून जपला होता. हे पाहण्यासाठी तुटलेला मोहराच हवा असे नाही. तळाला चिकटवलेले जाड लोकरी कापड, म्हणजे फेल्ट, सुटले असेल तर आतले लाकूड पाहावे, घोड्याच्या कानांची टोके व हत्तीच्या कंगोऱ्यांच्या कडा पाहाव्यात, कारण झीज तिथेच आधी होते, आणि ओलसर कापसाचा बोळा तळाशी हलकेच फिरवून काळे उतरते का ते बघावे. खऱ्या आबनुसात भिंगाखाली अगदी बारीक, लांबट छिद्रे दिसतात, क्वचित तपकिरी किंवा राखाडी छटेची रेघही दिसते. रंगवलेले लाकूड सगळीकडे एकसारखे, मुके काळे दिसते. आबनूस पाण्यात बुडते हे खरे आहे, परंतु त्या परीक्षेच्या वाटेला कृपया जाऊ नका : मोहऱ्यांच्या पोटात शिसे भरलेले असले तर कोणतेही लाकूड बुडेल, आणि फेल्ट व सरस दोन्ही फुकट जातील.

सर्वांत जास्त वेळ मात्र घोड्यावर घालवावा. बाकीचे मोहरे कातारी लेथवर उतरवतो. उंटाच्या डोक्यावरची खाच किंवा वजिराच्या मुकुटाचे दात हातानेच काढावे लागतात, पण ते काम थोडक्यात होते. घोड्याचे डोके वेगळे कोरून बैठकीवर बसवलेले असते, आणि एका संचाचे चार घोडे कोरायला जो वेळ आणि जे कसब लागते त्यावरच नव्या संचाचाही भाव बहुतांशी ठरतो. घोडा उजेडात आडवा धरून पाहावा. नाकपुडी नुसती टोचलेली आहे की तिला कड आहे. डोळ्यावरची पापणी कोरलेली आहे की डोळा म्हणजे एक भोक आहे. आयाळीचे पट्टे मानेच्या वळणाबरोबर वळतात की समांतर रेघा ओढल्यासारखे सरळ उतरतात. जबडा आणि मान यांच्या मधली जागा खोल घेतली आहे की वर वर खरवडली आहे. नंतर चारही घोडे शेजारी ठेवावेत. ते एकाच हाताचे असतील तर भाऊभाऊ वाटतील, पण जुळे वाटणार नाहीत. हुबेहूब सारखे असतील तर यंत्राचा संशय घ्यावा, आणि एखाद्याची ठेवणच निराळी असेल तर तो नंतर कुठून तरी आणून बसवलेला आहे. डोके व बैठक यांच्या सांध्याला नखाने चाचपून पाहा. आपल्याकडच्या पावसाळ्यांत जुना सरस सुटतो आणि मग कोणीतरी पांढरा फेव्हिकॉल लावून ते डोके जरा वाकडे बसवलेले असते. तेवढ्याने संच टाकाऊ होत नाही, पण किंमत उतरते.

प्याद्यांकडे लोक दुर्लक्ष करतात, पण बदललेला मोहरा बहुतेक वेळा तिथेच सापडतो. एका रंगाची आठही प्यादी एका ओळीत उभी करून नजर त्यांच्या गळ्यातल्या वळ्यांच्या पातळीवर आणावी. हातकामात केसभर फरक असतोच, पण एखाद्याचे वळे ठळकपणे वर किंवा खाली असेल तर ते बाहेरचे. शक्य असल्यास ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ती एकेक करून तोलावीत. शिशाचे वजन भरलेल्या मूळ प्याद्यांत थोडा फरक असतो, मागाहून भरती केलेले मात्र पटकन वेगळे पडते. राजाच्या डोक्यावरचा क्रूस तर इतका नाजूक असतो की जुन्या संचात तो मूळचा शाबूत असेल तर मलाच आश्चर्य वाटते. तो बदललेला असणे क्षम्य आहे. विकणाऱ्याने ते सांगितले आहे का, हे पाहावे.

वयाबद्दल दोन शब्द पुरेत. नव्या संचाला मुद्दाम मध-तपकिरी रंग देऊन जुने रूप आणणे ही आज उघडपणे चालणारी पद्धत आहे, तेव्हा पिवळेपणा हा वयाचा पुरावा नव्हे. खरा जुनेपणा असमान असतो : बोटे लागतात त्या जागी चकाकी आणि वळ्यांच्या खाचांत साचलेला मळ. सर्वत्र एकाच सुरात पिवळा असलेला मोहरा मला नवाच वाटतो. शिवाय संच खरोखर शंभर वर्षांहून जुना ठरला तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे तो पुरावस्तू होतो. मग तो खाजगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही आणि त्याचा धंदा करायला परवाना लागतो. म्हणजे परदेशातल्या लिलावांतले आकडे ऐकून जो नफा आपल्या मनात येत असेल, तो इथून मिळवण्याचा मार्ग नाही. एडिनबर्गच्या एका व्यापाऱ्याने १९६४ साली ५ पौंडांना घेतलेला मध्ययुगीन मोहरा २०१९ मध्ये ७,३५,००० पौंडांना विकला गेला ही बातमी खरी आहे, पण तो वॉलरसच्या दाताचा होता, लुईस बेटावर सापडलेल्या विख्यात संचाच्या घराण्यातला. आपल्या व्यवहाराशी तिचा संबंध नाही, तरी प्रत्येक विकणाऱ्याच्या तोंडी ती असते म्हणून लिहिले.

कोकणातल्या संचाची एक परीक्षा घाटावरच्या माणसाला सुचणार नाही. माळ्यावर राहिलेल्या पेटीत कीड असण्याची शक्यता धरूनच चालावे. पेटी पांढऱ्या कागदावर दोन दिवस ठेवावी आणि कागदावर पिठासारखा भुसा पडतो का ते पाहावे. पडला तर कीड जिवंत आहे आणि ती आपल्या घरातल्या सामानातही शिरेल. आबनुसाला बैठकीपासून वर जाणाऱ्या उभ्या भेगा असतात, त्या जुन्या आणि स्थिर असतील तर चालतील. भेगेच्या आतली बाजू उजळ, ताजी दिसत असेल तर ती अजून वाढते आहे. मोहऱ्यांना खवट वास येत असेल तर कुणीतरी चकाकीसाठी खोबरेल चोळलेले आहे. तो थर पुसून काढता येतो, पण जपून, पॉलिश न उडवता. आणि घेण्याआधी विकणाऱ्यांनी प्रेमापोटी संच ‘पॉलिश करून देतो’ म्हटले तर हात जोडून नको म्हणावे, कारण जुने लाखेचे पॉलिश खरवडून वर चकचकीत लॅकर मारला की उरलेली किंमतही जाते.

आता भावाचे. नवा, हाताने कोरलेला, चांगल्या घोड्यांचा भारतीय संच किती रुपयांना मिळतो हे आधी दोन-तीन दुकानांत विचारून घ्या, कारण शिक्का नसलेल्या जुन्या संचाचे मोजमाप त्यावरूनच करावे लागते. शिक्का आणि मुकुट दोन्ही सापडले, लाकूड आबनूस निघाले, बत्तीसही मोहरे एका घरचे असले आणि मोठी मोडतोड नसली, तर ४५,००० रुपये द्यायला मी कचरणार नाही. तशा संचासाठी संग्राहक याहून अधिक मोजतात. शिक्का नसेल पण लाकूड खरे आणि घोडे उत्तम असतील, तर त्याच दर्जाच्या नव्या संचाइतकी किंवा थोडी अधिक किंमत द्यावी, म्हणजे मी स्वतः १८,००० ते २०,००० रुपयांच्या पुढे जाणार नाही. काळे मोहरे रंगवलेले निघाले आणि घोडे सामान्य असतील, तर पाच-सहा हजारांत मिळाला तर खेळायला घ्यावा. साडेतीन इंचांचा राजा म्हणजे सुमारे ८.९ सेंटिमीटर, जागतिक बुद्धिबळ संघटना स्पर्धेसाठी सुचवते त्या ९.५ पेक्षा किंचित कमी, पण घरी पाच सेंटिमीटरच्या चौकटींवर तो छान शोभतो, आणि तसा साधा सागवानी पट आपल्याकडचा कोणताही चांगला सुतार करून देईल.

मालवणला पुन्हा जाल तेव्हा भिंग, कापूस आणि बॅटरी बरोबर न्या आणि दिवसाच्या उजेडात, दारापाशी बसून चार छायाचित्रे घ्या : दोन्ही राजांच्या बैठकीच्या कडा संपूर्ण फिरवून, चारही घोडे बाजूने, हत्तींचे माथे वरून, आणि एका काळ्या मोहऱ्याचा तळ. ती इथे प्रतिसादात जोडलीत तर संच यांपैकी कोणत्या गटात बसतो ते मी सांगू शकेन. तोपर्यंत बयाणा देऊ नका.